बिदरची धावपट्टी आणि लायकीचा दाखला

आगगाडीचे इंजिन वाटेत बिघडले तर गाडी रुळावर उभी राहते. मोटार बंद पडली तर उतारूंनी खाली उतरून तिला धक्का मारावा, एवढीच काय ती आपत्ती. विमानाला मात्र वाटेत थांबण्याची सोय नाही. म्हणून ते जमिनीवरून सुटण्यापूर्वीच सुटण्यास लायक आहे की नाही, हे कोणीतरी पाहावे लागते आणि पाहिल्याची सही करावी लागते. मुलकी विमानांच्या बाबतीत हा ‘कोणीतरी’ कायद्याने नेमून दिलेला आहे. आपल्या देशात १९३४ चा विमान कायदा आणि त्याखालील १९३७ चे नियम यांनी विमानाची नोंदणी, त्याच्या उड्डाणयोग्यतेचा दाखला आणि वेळोवेळीची तपासणी या गोष्टी सक्तीच्या केल्या. विमानाने किती वजन उचलावे, कोणता भाग किती तास चालल्यावर बदलावा, दुरुस्तीवर सही करण्याचा अधिकार कोणाचा, हे सारे त्यात आले.

पण त्याच कायद्याचे १९ वे कलम वाचले म्हणजे आपण एका निराळ्या प्रदेशात शिरतो. सरकारच्या भूदलाच्या, नौदलाच्या किंवा विमानदलाच्या मालकीची असलेली, अथवा केवळ त्यांच्याच कामी लावलेली विमाने या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतील, असे ते कलम सांगते. हा कायदा पुढे नव्वद वर्षे चालला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. परंतु मुलकी आणि सैनिकी यांमधील ती रेषा पुसली गेलेली नाही. जगभर हीच रीत आहे. १९४४ साली शिकागो येथे झालेला आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा करार ४ एप्रिल १९४७ पासून अमलात आला. त्याचे तिसरे कलमही हेच म्हणते: हा करार मुलकी विमानांना लागू, लष्कर, जकात व पोलिस यांच्या कामावरील विमाने ही राज्याची विमाने, त्यांना तो लागू नाही.

ही सूट अन्यायाची आहे, असे म्हणता येणार नाही. लढाईच्या वेळी दाखल्यांचे कागद चाळत बसणारे सैन्य फार काळ सैन्य राहत नाही. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन लेह येथे डकोटा उतरवले. अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, सोनम नोर्बू या अभियंत्याने हाती असेल त्या साधनांनी तयार करून घेतलेली ती धावपट्टी होती. कोणत्याही मुलकी अधिकाऱ्याने त्या उड्डाणाला परवानगी दिली नसती, आणि त्याचे ते नाकारणे रास्तच ठरले असते. तथापि ते विमान त्या दिवशी उतरले नसते, तर लेह राखणे फार अवघड झाले असते.

त्याच वर्षी या सुटीची दुसरी बाजूही दिसून आली. आणि ती दिसली आपल्या अगदी शेजारी, बिदर येथे.

बिदर म्हटले की आपल्याला किल्ला, महमूद गवानाचा मदरसा आणि बिद्रीच्या सुरया आठवतात. १९४८ मधील बिदर जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा त्यातच होते. १९५६ च्या पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले, भालकी, औराद, हुमनाबाद हे म्हैसूर राज्याकडे गेले. शेजारच्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात आळंदचा मराठी मुलूख होता. हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि त्या वर्षी तेथे रझाकारांचा अंमल दिवसेंदिवस अधिक उग्र होत होता. मे १९४८ मध्ये आजच्या बसवकल्याण तालुक्यातील गोरटा येथे झालेले हत्याकांड त्या भागातील वृद्ध माणसे विसरलेली नाहीत. संस्थानाच्या सरहद्दीवर, मुंबई प्रांताच्या बाजूला, स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची शिबिरे होती. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते.

निजाम सरकारने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हिंदी संघराज्याशी जैसे थे करार केला होता. पण हैदराबादला स्वतंत्र राहावयाचे होते, आणि त्यासाठी शस्त्रे हवी होती. संस्थानाला समुद्रकिनारा नाही. चोहो बाजूंनी हिंदी मुलूख. जमिनीवरून शस्त्रे आणणे अशक्य. उरला तो आकाशमार्ग. या कामासाठी हैदराबादला सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक मिळाला.

हा मनुष्य मोठा विलक्षण. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या विमानशाखेत असताना, १९१७ साली, त्याने उघड्या विमानात थंडी वाजू नये म्हणून एक अंगरखा शोधून काढला. त्याच्या नावावरून त्याला ‘सिडकॉट’ म्हणत, आणि पुढे कित्येक वर्षे वैमानिक तो वापरीत असत. १९३९ साली महायुद्ध सुरू होण्यापूर्वी तो एक लॉकहीड उतारू विमान घेऊन व्यापारी म्हणून जर्मनीत ये-जा करी. त्या विमानाच्या पोटात कॅमेरे लपविलेले असत, आणि ब्रिटिश हेरखात्यासाठी तो वरून जर्मनीची छायाचित्रे घेई. म्हणजे कागदावर मुलकी आणि कामाने सैनिकी असे विमान चालविण्याचा त्याचा सराव जुना होता. दोन कायद्यांच्या मधली जी फट सामान्य माणसाला दिसतही नाही, तीत या गृहस्थाने आयुष्याचा बराच काळ आरामात काढला.

कॉटनने हैदराबादसाठी लँकास्ट्रियन जातीची विमाने मिळविली. लँकास्ट्रियन म्हणजे महायुद्धातील प्रसिद्ध लँकास्टर बाँबफेकी विमानाचीच मुलकी आवृत्ती. तोफांच्या जागा बुजवून नाक व शेपूट निमुळती केलेली, आणि तीच चार रोल्स-रॉइस मर्लिन इंजिने बसविलेली. लांब पल्ल्याचे, वेगवान, पण पोट अरुंद असल्यामुळे फार थोडे उतारू घेणारे हे विमान मुलकी कंपन्यांना फारसे परवडले नाही. अशाच एका लँकास्ट्रियनचा, ‘स्टार डस्ट’चा, २ ऑगस्ट १९४७ रोजी दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत ओलांडताना शोध लागेनासा झाला. त्याचे अवशेष पन्नास वर्षांनी हिमनदीतून वर आले. शस्त्रांच्या पेट्यांसाठी मात्र अरुंद पोटाची अडचण नव्हती.

१९४८ च्या उन्हाळ्यापासून ही विमाने कराचीहून निघत आणि रात्रीच्या अंधारात हिंदी प्रदेशावरून उडत बिदर आणि वरंगळ येथे उतरत. हिंदी हवाई दलापाशी तेव्हा स्पिटफायर आणि टेंपेस्ट विमाने होती. परंतु रात्री शोध घेऊन अडविणारी विमाने नव्हती. दिल्लीने लंडन व कराची यांच्याकडे तक्रारी केल्या. फेऱ्या चालूच राहिल्या.

आता या विमानांना १९ व्या कलमाची किंवा शिकागो कराराची कसोटी लावून पाहा. नोंदणी ब्रिटिश, म्हणजे ही मुलकी विमाने. त्यांचा दाखला ब्रिटनने द्यावयाचा आणि तपासणीही त्याच नियमांनी व्हावयाची. मुलकी विमान म्हणावे, तर कराराच्या ३५ व्या कलमाप्रमाणे हिंदुस्थानच्या परवानगीवाचून हिंदी भूमीवरून दारूगोळा नेण्यास त्यांना मनाई होती. बरे, काम सैनिकी आहे म्हणून ती राज्याची विमाने मानावी, तर कोणत्या राज्याची? ब्रिटनची नव्हेत, ब्रिटिश सरकार तर हात झटकीत होते. पाकिस्तानची म्हणावी, तर पाकिस्तानच्या नोंदणीत ती नव्हती. हैदराबादची म्हणावी, तर हैदराबाद हे त्या कराराच्या दृष्टीने राज्यच नव्हते. ही विमाने तपासली गेली नसतील, असे माझे म्हणणे नाही. चार इंजिनांच्या विमानाची देखभाल न करता त्यात बसण्याइतका कॉटन वेडा नव्हता. प्रश्न आहे तो उत्तर कोणी द्यावयाचे हा. त्यांतील एखादे विमान शस्त्रांच्या पेट्यांसह एखाद्या झोपलेल्या खेड्यावर कोसळले असते, तर चौकशी कोणी केली असती? जबाब कोणी दिला असता? त्या रात्री घरघर करीत जाणारे ते विमान अक्षरशः कोणाचेच नव्हते.

याच्या शेजारी आदल्या वर्षाची दुसरी घटना ठेवून पाहावी. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली शीख पलटण दिल्लीहून श्रीनगरला डकोटा विमानांनी नेली गेली. हवाई दलाची विमाने पुरेनात, म्हणून खासगी कंपन्यांची डकोटाही त्या कामी लावली गेली. वैमानिक मुलकी, विमाने मुलकी, आणि आत बसलेले शिपाई व दारूगोळा. काटेकोर पाहिले तर ‘केवळ सैनिकी कामी लावलेली’ या शब्दांत ती बसत होती की नाही, यावर वकिलांनी आठवडाभर वाद घातला असता. पण तेथे एक गोष्ट निर्विवाद होती: हे सारे हिंदी सरकारच्या हुकमाने, दिवसाढवळ्या आणि सरकारच्या जबाबदारीवर चालले होते. माझ्या मते श्रीनगरचे डकोटा आणि बिदरचे लँकास्ट्रियन यांतील खरा भेद एवढाच आहे. दाखल्याची सूट दोघांनीही घेतली. एकीकडे ती सूट घेणारा समोर उभा होता, दुसरीकडे तो नव्हता.

पुढचा इतिहास परिचित आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलिस कारवाई सुरू झाली. जनरल चौधरी यांचे सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरले. हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी पहिल्या दोन दिवसांतच बिदर व वरंगळ येथील धावपट्ट्यांवर बाँब टाकले. १७ तारखेच्या पहाटे हिंदी सैन्य बिदरमध्ये पोहोचले. दुसऱ्या दिवशी हैदराबादी सेनापती एल एद्रूस यांनी शरणागती दिली. आकाशातून आलेल्या शस्त्रांनी युद्धाचा निकाल एका दिवसानेही लांबविला नाही. कॉटनचे काय झाले? ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला झाला, तो हवाई वाहतुकीच्या कायद्याखाली, म्हणजे त्याच मुलकी कायद्याखाली, ज्याला तो इतके दिवस वळसा घालीत होता. दंड झाला २०० पौंड. ज्या माणसाने एका देशाचे आकाश महिनोन् महिने परवान्यावाचून ओलांडले, त्याला एखाद्या बेशिस्त टॅक्सीवाल्यासारखे सोडून देण्यात आले. १९६९ साली तो वारला. त्याच वर्षी त्याच्या साहसांचे पुस्तक निघाले.

ज्या बिदरला ही बेवारस विमाने उतरली, तेथेच पुढे १९६३ पासून भारतीय विमानदलाचे वैमानिक-शिक्षणाचे मोठे केंद्र वाढले. २००८ साली हॉक जातीची शिक्षणविमाने तेथेच प्रथम दाखल झाली. सूट तीच, पण आता तिचा धनी उघड होता. मात्र धनी उघड असला म्हणजे त्याचे काम संपत नाही. ज्याने दुसऱ्याची तपासणी नाकारली, त्याने स्वतःची तपासणी अधिक कसोशीने करावी लागते. ही गोष्ट सैनिकी वाहतूक विमानांच्या बाबतीत विशेष लागू आहे. लढाऊ विमानातील वैमानिकाला आपण कशात बसलो आहोत हे ठाऊक असते, आणि त्याच्या आसनाखाली सुटकेची योजना असते. वाहतूक विमानात मागे बसलेला शिपाई, रजेवर घरी निघालेला हवालदार, त्याच्या हाती काहीच नसते. मुलकी उतारूइतकाच तो परस्वाधीन. पण मुलकी उतारूचा कायदा त्याला नाही.

याचे एक मोठे बोलके उदाहरण म्हणजे ॲव्हरो विमान. ब्रिटनच्या या एचएस-७४८ विमानाची बांधणी आपल्याकडे कानपूरला होऊ लागली, आणि येथे बांधलेले पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. विमानदलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचे नाव त्याला देण्यात आले. या जातीची काही विमाने विमानदलाला मिळाली, काही इंडियन एअरलाइन्सला. एकाच ठिकाणी, एकाच आराखड्याने बांधलेली ही जुळी भावंडे; एकाची लायकी मुलकी विमानवाहतूक महासंचालकांनी ठरवावयाची, दुसऱ्याची संरक्षण खात्याने. इंडियन एअरलाइन्सकडची विमाने केव्हाच निवृत्त झाली. विमानदलाकडच्या ॲव्हरोंच्या जागी ५६ सी-२९५ विमाने घेण्याचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे पहिल्या उड्डाणानंतर साठ वर्षांनी झाला.

संरक्षण खात्याची ही तपासणी पोकळ आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. बंगळूर येथे १९९५ पासून सैनिकी उड्डाणयोग्यता व प्रमाणनाचे स्वतंत्र केंद्र आहे; ते आराखडा आणि त्यातील प्रत्येक बदल पाहते. बांधणीचा व दुरुस्तीचा दर्जा तपासणारे वेगळे महासंचालनालय आहे. त्यांची नियमपुस्तके जाड आहेत, आणि त्यांतील अभियंते मुलकी अभियंत्यांपेक्षा तिळभरही कमी नाहीत. अडचण माणसांची नव्हे, जागेची आहे. विमान वापरणारा, विमान तपासणारा आणि अपघातानंतर चौकशी करणारा हे तिघेही एकाच छपराखाली राहतात.

ब्रिटनला या गोष्टीची किंमत फार मोठी द्यावी लागली. निमरॉड हे तेथील विमानदलाचे टेहळणी विमान. जुन्या कॉमेट उतारू विमानापासून ते तयार केलेले होते. बाँबफेकी विमानाचे उतारू विमान करणाऱ्या लँकास्ट्रियनच्या अगदी उलट प्रवास. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानवर आकाशातच इंधन भरून घेतल्यानंतर एका निमरॉडला आग लागली आणि आतील चौदाही जण मृत्यू पावले. गळलेले इंधन गरम नळीपर्यंत पोहोचू शकते, हा दोष आराखड्यात कित्येक वर्षे होता. विमान सुरक्षित असल्याचा जाडजूड अहवाल त्यापूर्वीच तयार झालेला होता; तो तयार करणाऱ्यांनी निष्कर्ष आधी धरला आणि तपासणी नंतर केली. चार्ल्स हॅडन-केव्ह या कायदेपंडितांनी २००९ साली जो चौकशी अहवाल दिला, त्यात व्यक्तींची, कंपन्यांची व अधिकाऱ्यांची नावे घेऊन त्यांनी हे स्पष्टपणे मांडले. परिणामी २०१० मध्ये तेथे सैनिकी विमानांसाठी वेगळे नियामक मंडळ स्थापन झाले. अमेरिकेत १० जुलै २०१७ रोजी मिसिसिपी राज्यात नौसैनिकांचे एक हर्क्युलिस वाहतूक विमान आकाशातच मोडले आणि सोळा जण गेले. त्याच्या पंख्याच्या एका पात्यावर गंज होता, आणि ते पाते २०११ साली विमानदलाच्याच कारखान्यातून दुरुस्तीनंतर पास होऊन आले होते. हेही तेथील सरकारने छापून सांगितले.

आपल्याकडे ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांना घेऊन लेहकडे निघालेले एएन-१२ विमान रोहतांगजवळ नाहीसे झाले. हिमनदीतून त्यातील सैनिकांचे देह एकेक करीत वर येत आहेत; २००३ मध्ये पहिला सापडला, सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात गडप झाले. त्याचे अवशेष जवळजवळ साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे जाणाऱ्या एएन-३२ मधील तेराही जण गेले. प्रत्येक वेळी चौकशी न्यायालय बसते. त्याचे अहवाल मात्र एरवी प्रसिद्ध होत नाहीत. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ सेनादलप्रमुख जनरल रावत यांना नेणारे हेलिकॉप्टर पडले, तेव्हा विमानदलाने पुढच्या महिन्यात प्राथमिक निष्कर्षांचे एक छोटे निवेदन काढले. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक समितीने २०१७ ते २०२२ या काळातील विमानदलाच्या ३४ अपघातांची माहिती मांडली. तीत या अपघातापुढे कारण म्हणून लिहिले होते: ‘मानवी चूक’.

मुलकी अपघाताची गोष्ट निराळी. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडे येथे विमान धावपट्टीवरून घसरून फुटले, त्याचा सविस्तर अहवाल पुढच्या वर्षी कोणालाही वाचावयास मिळाला. कोणता ब्रेक केव्हा लावला, कोणता वाइपर बंद पडला, येथपर्यंत सारे त्यात आहे. शत्रूला कळू नयेत अशा गोष्टी सैनिकी विमानात असतात, हे मान्य. पण रजेवर निघालेल्या हवालदाराला नेणाऱ्या विमानाचे इंधनाचे नळ, पंख्याची पाती आणि संकटसूचक यंत्रे यांत शत्रूपासून लपवावे असे काय असते, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

कलबुर्गीला नोव्हेंबर २०१९ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला. तो मुलकी, तेथे एकच कायदा. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील बिदरला मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये विमानदलाच्याच आवारात उतारूंसाठी दालन उघडले आणि बंगळूरची सेवा सुरू झाली. पुणेकरांना लोहगावमुळे हा प्रकार परिचित आहे. भालकीचा किंवा औरादचा उतारू ज्या विमानात चढतो, त्याचा दाखला मुलकी महासंचालकांचा असतो. त्याच डांबरावरून सकाळी सराव करून गेलेल्या हॉकची लायकी संरक्षण खात्याने ठरविलेली असते. त्या पट्टीवर उतारू विमानाचे गंभीर काही बिघडले, तर दिल्लीहून मुलकी अपघात-तपास विभागाचे अधिकारी येतात आणि त्यांचा अहवाल छापला जातो. हॉकचे बिघडले, तर विमानदलाचे चौकशी न्यायालय बसते आणि त्याचे कागद विमानदलाकडेच राहतात.